पितळी बिल्ला

संस्थान विलीन झालं, नाके उठले, आणि आता जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या माणसाला वाटेत "कुठला तू, कशाला आलास?" असं कोणी विचारत नाही. माझा पुतण्या परवा हसत म्हणाला, "काका, तुम्ही म्हणे ओहळाच्या काठी बसून माणसं अडवायचात! काय ते दिवस!" त्याला वाटतं आम्ही सगळे बावळट होतो. मला राग आला. त्याच्याच वयाचा दुसरा एक शहाणा आमच्याकडे येतो, तो म्हणतो की हद्दी कडक होत्या तेव्हाच मुलूख सुखी होता. त्याचाही मला तेवढाच राग येतो. या दोघांपैकी एकही जण नाक्यावर एक दुपारसुद्धा बसलेला नाही. मी नऊ वर्षं बसलो.

मोखाडा तेव्हा इंग्रजी अमलात होता. आम्ही त्याला खालसा म्हणायचो. जव्हारचं संस्थान जिथे संपायचं आणि खालसा सुरू व्हायचा तिथे एक ओहळ होता, उन्हाळ्यात घोटाही न भिजणारा. अलीकडच्या काठावर कुडाच्या भिंतीचा आमचा नाका, त्यात मी कारकून आणि एक शिपाई. शिपाई माझ्याहून वयाने मोठा, अर्धं आयुष्य याच वाटेवर घालवलेला. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवायची, सागाचं लाकूड आणि मोहाची दारू चोरून जात नाही ना ते बघायचं, पलीकडे पटकीची नाहीतर तापाची साथ असली की वाट बंद करायची. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकदा पलीकडून आलेल्या एका टोळीने रात्रीत सागाची अख्खी टेकडी बोडकी केली होती. पाड्यावरची माणसं सकाळी त्या खोडांवर बसून रडत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून नाका नकोच म्हणणाऱ्याचं मला पटत नाही.

पण पलीकडून येणारे सगळे काही लाकूडचोर नव्हते. तिकडच्या जंगलांत फांदी तोडायला बंदी आली होती, आणि फांदीशिवाय आमच्या डोंगरात शेती होत नाही. झाडाच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, रोपाच्या वाफ्यावर पसरून पेटवायच्या आणि त्या राखेत नाचणीचं, भाताचं बी टाकायचं. याला राब म्हणतात. राब बंद म्हणजे पोट बंद. संस्थानात राबाला मोकळीक होती आणि पडीक जमीनही होती. कसणारी माणसं संस्थानला हवीच होती. म्हणजे यायचं त्यांना होतं आणि बोलवायचं आम्हालाही होतं. मध्ये होता तो अर्ज. अर्ज जव्हारच्या कचेरीत जायचा, तिथून चौकशीला परत यायचा, पुन्हा जायचा, आणि तोवर पेरणी उलटून गेलेली असायची. मग लोक काय करणार? नाक्यापासून थोडं वर एक घळ होती, तिथून रानात शिरायचे. चोरही तिथूनच, गरजवंतही तिथूनच. नाक्यावर येऊन अर्ज घेऊन बसायची ती फक्त सरळ माणसं. नऊ वर्षांत मी ज्यांना ज्यांना अडवलं त्यांच्यातले बहुतेक असे होते. आमच्या नाक्यात प्रामाणिक माणूस तेवढा अडकायचा.

हे मला सलायचं. मी तेव्हा तरणाताठा होतो आणि आपल्याला फार कळतं असा माझा समज होता. मी आपणहून एक योजना लिहून कचेरीत पाठवली. कसायला येणाऱ्या कुटुंबाला नाक्यावरच आठ दिवसांत परवानगी द्यावी आणि कुटुंबाच्या मुख्याला नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला द्यावा. बिल्ला गळ्यात असेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. दर वर्षी होळीनंतर बिल्ल्यांची तपासणी, आणि पाच तपासण्या झाल्या की जमीन त्याच्या नावावर. येणाऱ्याची सोय झाली आणि हद्दीवर नजरही राहिली.

माझ्या साहेबांना योजना आवडली. त्यांनी एकच शंका काढली. "बिल्ला हरवला तर?" मी ताडकन म्हणालो, "साहेब, हरवला म्हणणाऱ्याने तो विकलेला असतो." ते म्हणाले, "सगळ्यांनीच?" मी म्हणालो, "एकाला सवलत दिली की उद्या शंभर जण हरवल्याचं सांगत येतील." ते हसले आणि माझंच वाक्य नियमात घातलं: बिल्ला दाखवील त्याचीच वस्ती, हरवल्याची सबब चालणार नाही. ते कलम माझ्या अक्षरात आहे. त्या दिवशी मी स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली होती.

योजना चाललीसुद्धा. पहिल्याच उन्हाळ्यात एक माणूस बायको आणि दोन मुलींना घेऊन नाक्यावर आला. त्याच्या खांद्यावर कोयता आणि कांबळं, तिच्या डोक्यावर जात्याची एक दगडी पाळ. दुसरी पाळ आणायला तो परत जाणार होता. थोरली मुलगी कोंबडी काखेत घेऊन उभी होती. तो म्हणाला, "दादा, आयक, आमाला अठं ऱ्हायाचा हाय."

आमच्या भागातली पाड्यावरची माणसं राजालाही अरेतुरे करतात, त्यात अपमान नसतो. पण मला सुरुवातीला ते टोचायचं. मी मुद्दाम त्याला आठही दिवस बसवून ठेवलं. शिपायाला त्याची कीव आली. तो म्हणाला, "अरे, वरच्या घळीतून गेला असतास तर एव्हाना झोपडी उभी राहिली असती तुझी."

"चोरासारका कशाला जाऊ?" तो म्हणाला. "मी काय चोरला नाय."

नवव्या दिवशी मी त्याच्या गळ्यात बिल्ला घातला. तो हातात धरून त्याने उलटापालटा केला, बायकोला दाखवला, मुलींना दाखवला. मग मी माझं नेहमीचं भाषण केलं. प्रत्येकाला करायचो, त्यालाही केलं. "हा जपून ठेव. कुठल्याही नाक्यावर हा दाखव, तुला कोणी अडवणार नाही. हा नसला तर तू कोणी नाहीस." असं मी म्हणालो. शब्द मला आठवतात, कारण त्या भाषणावर मी फार खूश असायचो.

साखरशेताच्या बाजूला एका पाड्याच्या कडेला त्याला उतरणीची जमीन मिळाली. बाजाराला जाता-येता तो नाक्याजवळ दिसला की आपणहून बिल्ला वर धरून दाखवायचा, मी न विचारता. राखेने घासून घासून त्याने तो लखलखीत ठेवला होता. कधी रानातले करांद्याचे कंद आणून द्यायचा, कधी नुसताच उंबऱ्यात बसायचा. त्याचं ते "दादा" मला हळूहळू आवडायला लागलं, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं. तीन तपासण्या झाल्या. तीन वर्षांत त्याची नाचणी पाड्यावरच्या जुन्या लोकांपेक्षा चांगली यायला लागली.

चौथ्या वर्षी माघात राबासाठी फांद्या छाटताना तो ऐनाच्या झाडावरून पडला. त्याच संध्याकाळी गेला. मला कळलं ते चार दिवसांनी, शिपायाकडून. अशा मरणाला त्या घराण्यात जाळत नसत, माती देत. मला वाईट वाटलं. पण कुटुंबाचं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, कारण बिल्ला कुटुंबाचा होता. मुख्य गेला तर बायकोच्या नावावर चढवायचा, एवढंच काम.

होळीनंतर तपासणीला ती आली. दोन्ही मुली बरोबर होत्या. मी दुखवट्याचे दोन शब्द बोललो आणि हात पुढे केला. "बिल्ला दे, नाव बदलून घेऊ."

"त्याचे संगं दिला," ती म्हणाली.

मला कळेना. "कोणासंगं?"

"त्याचे. मातीत. हातात दिला त्याचे."

माझं डोकंच फिरलं. मी उभा राहून ओरडलो, की अगं बाई, तो तुमचा होता, तुझा आणि या पोरींचा, मेलेल्याला तो कशाला? शिपायाने मला हाताने खाली बसवलं. ती अजिबात घाबरली नव्हती. उलट मलाच काही ठाऊक नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि लहान मुलाला सांगावं तशी ती सांगायला लागली.

"तूच सांगलास ना दादा, कोणच्या पन नाक्यावर हा दाखव, कोन अडवनार नाय. तो आता दुसरे मुलखात चालला. तठं त्याला कोन वलखतं? आपले जुने माणसां पुढं गेलीत, पन ती त्या खालशाची. हा तर अठला झाला होता. नाक्यावर इचारला तर काय दाखवंल?"

मेलेल्याबरोबर त्याच्या वापरातल्या वस्तू द्यायच्या ही त्यांची रीत मला माहीत होती. कोयता देतात, चिलीम देतात, दाणे देतात. बिल्ला देतील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. नियम लिहिताना मी विकणाऱ्यांचा विचार केला, बदलणाऱ्यांचा केला, खोटा पाडून घेणाऱ्यांचाही केला. माझ्या बोलण्यावर एवढा विश्वास ठेवणारं कोणी निघेल, हे तेवढं सुचलं नाही.

मी जव्हारला जाऊन साहेबांना भेटलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि मग नियमाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर. "मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. त्या वर्षी खोटे बिल्ले सापडले होते, आणि हरवल्याची सबब सांगणाऱ्या दोन कुटुंबांना त्यांनी आठच दिवसांपूर्वी ओहळापलीकडे घातलं होतं. "आता हिला ठेवलं तर त्यांना काय सांगू? बिल्ला आणा, मी लगेच तिच्या नावावर चढवतो. उकरायचा तर उकरा. नाहीतर मृगाआधी हद्दीबाहेर." ते काही चूक बोलत नव्हते, हाच माझा घात होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असाच बोललो असतो.

मी पाड्यावर गेलो. तिच्या झोपडीपुढे वाफ्यांवर राब पसरून तयार होता. नवरा ज्या फांद्या तोडताना पडला त्यासुद्धा तिने वाळवून त्यात घातल्या होत्या. मी तिला समजावून सांगितलं. थडगं उकरायचं, बिल्ला काढायचा, पुन्हा माती लोटायची, घटकाभराचं काम. जमीन राहील, पोरी राहतील. यंदाची तपासणी धरली जाईल, आणखी एक होळी गेली की जमीन कायमची तिची.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मंग त्याला वाटंत उभा करू? तो ना अठला ना तठला."

"तू आणि पोरी वाटेत उभ्या राहाल, त्याचं काय?"

"आमी जितं हाव," ती म्हणाली. "आमी कायतरी करू."

मृगाला आठ दिवस राहिले तेव्हा शिपायाने तिला ओहळापलीकडे नेलं. मी नाक्याच्या बाहेर आलो नाही. मला वाटलं होतं की तिकडे ती दिराकडे राहील. पण खालशात तिचं नाव गावातून कधीच खोडलेलं होतं, जमीन दुसऱ्याला गेली होती, आणि दिराने एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी हात वर केले. ती परत आली आणि समोरच्या काठावर मोहाच्या झाडाखाली मुली आणि जात्याच्या दोन्ही पाळी घेऊन बसली. नाक्याच्या खिडकीतून मला ती दिवसभर दिसायची. तिचा राब इकडे न पेटवता पडून होता. आभाळ भरून यायचं आणि मी मनात म्हणायचो, अजून दोन दिवस थांब, अजून दोन दिवस.

शेवटी मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. ओहळ ओलांडून पलीकडे गेलो आणि हलक्या आवाजात तिला सांगितलं, "वरच्या घळीतून ये. माझा शिपाई तिकडे बघणार नाही. राब पेटव, बी टाक, पुढचं मी बघतो."

"आमी नाक्यावरून आलो होतो, दादा," ती म्हणाली. "घलीतून नाय आलो."

तोंडात मारल्यासारखा मी परत आलो. मला तिचा राग आला, खूप राग आला. त्या घळीतून आलेले किती तरी जण त्याच पाड्यावर सुखाने भात खात होते. कायद्याने वागण्याचा हट्ट हिलाच का? आणि मग मला आठवलं की तो हट्ट तिला शिकवला कोणी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कुदळ घेऊन पाड्यामागच्या माळावर गेलो. शिपाई बरोबर आला, पण हात लावणार नाही म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला. मी स्वतः उकरलं. फार खोल नव्हतं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. बिल्ला त्याच्या उजव्या मुठीत होता आणि मूठ सोडवायला मला वेळ लागला. माती लोटून, दगड जसेच्या तसे रचून, मी ओहळावर येऊन बिल्ला वाळूने घासला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. सगळं सुटलं असं वाटत होतं. पाप लागायचं तर मला लागेल, हिची जमीन तर वाचली.

मी तो तिच्या पुढ्यात धरला. "हा घे. उद्या सकाळी नाक्यावर दाखवून आत ये. मी चिठ्ठी देतो, ती घेऊन जव्हारला कचेरीत जा. संध्याकाळपर्यंत नाव चढेल. परवा राब पेटव."

तिने बिल्ला लगेच घेतला नाही. विचारलं, "त्याचे हातातून काढलास?"

"हो."

"मंग आता तो कठं उभा असंल?"

मुलींकडे बोट दाखवून मी काहीतरी बोललो, की यांच्यासाठी केलं, तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. तिने मान हलवली. मग हात पुढे करून बिल्ला घेतला आणि पदरात बांधला. तिने तो घेतला, एवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी ती आली. नाक्यासमोर उभी राहून तिने बिल्ला वर धरला, तिचा नवरा धरायचा तसाच. मी नोंद केली, चिठ्ठी लिहून हातात दिली, जव्हारच्या वाटेची खूण सांगितली. ती निघाल्यावर शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, पोरी पलीकडेच ठेवल्यात हिने." मी वर बघितलं. दोन्ही मुली मोहाखाली बसल्या होत्या, थोरलीच्या काखेत कोंबडी. आणि ती जव्हारच्या वाटेने गेली नव्हती. पाड्याकडच्या पायवाटेला लागली होती.

मला धावून तिला गाठता आलं असतं. शिपाई माझ्या तोंडाकडे बघत होता, मी सांगण्याची वाट बघत. मी काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय. पकडून तिला कचेरीत नेलं असतं आणि बिल्ला तिच्या नावावर चढवला असता, तरी तो तिने ठेवला असता असं मला वाटत नाही.

दिवस कलताना ती परत आली. हाताला आणि कपाळाला ओली माती होती. माझी चिठ्ठी तिने उंबऱ्यावर ठेवली, उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला. तिच्या पदराला गाठ नव्हती.

"आता परत काढू नको, दादा," ती म्हणाली.

"नाही काढणार," मी म्हणालो.

ती ओहळात उतरली. पलीकडे मुली उठून उभ्या राहिल्या. तिने धाकटीला कडेवर घेतलं, जात्याची पाळ डोक्यावर चढवली, दुसरी तिथेच राहू दिली, आणि तिघी मोखाड्याच्या वाटेने चालायला लागल्या. त्या वाटेवर त्यांचं कोणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. वळणाआड होईपर्यंत मी बघत होतो. मग आत येऊन दौत उघडली. हद्दीबाहेर जाणाऱ्याची नोंद त्याच दिवशी करायची, असा नियम होता. मी ती केली.